ताकाचं कडवं

आमच्या कुंभकोणमला मानपत्र देण्याची फार हौस. कलेक्टर बदलून आला की मानपत्र, बदलून गेला की मानपत्र, आणि मधल्या काळात त्याच्या मडमेचा ताप उतरला तरी मानपत्र. ही सगळी इंग्रजीत लिहायची असत आणि ती मी लिहीत असे. मी हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवत होतो, अक्षर बरं होतं आणि मोठ्या माणसांना नाही म्हणणं जमत नव्हतं. समितीचा चिटणीस व्हायला एवढी पात्रता पुरते.

तंजावरचं राज्य साहेबानं खालसा केल्याला तेव्हा पाऊणशे वर्षं होत आली होती. तरीही आमच्यासारख्या जुन्या दरबारी मराठी घरांना कुठे चार खुर्च्या ओळीत मांडलेल्या दिसल्या की अंगरखा शोधावासा वाटे. त्यामुळे त्या साली मानपत्र एका नर्तकीला द्यायचं ठरलं तेव्हा गावात कुरकुर झाली, पण खुर्च्यांचं भाडं ठरवायला सगळे वेळेवर हजर होते.

ती आमच्याच गावची. देवळामागच्या नाचणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. सोळाव्या वर्षी एका नाच मंडळीबरोबर बोटीत बसून गेली. ती मंडळी परदेशात कुठेशी मोडली, बाकीचे परत आले, ही आली नाही. पुढे चोवीस वर्षं ती युरोपातल्या मोठमोठ्या नाटकगृहांत नाचत होती, गात होती. तिकडच्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो येत. त्यांतलं एखादं फिरत फिरत मद्रासला आणि तिथून आमच्या वाचनालयात येई, आणि मग गावाला अचानक आठवे की ही आपली. ती गेली तेव्हा गावाला असं काही आठवलं नव्हतं.

समितीचे अध्यक्ष गावातले मोठे वकील. काही वर्षांपूर्वी त्यांनी याच वाचनालयात सभा घेऊन, शुभकार्यात नाच ठेवणार नाही अशी शपथ सगळ्यांना घ्यायला लावली होती. त्या सभेचा वृत्तांतही मीच लिहिला होता. मी तो त्यांना आठवण म्हणून दाखवला तेव्हा ते जराही न गडबडता म्हणाले, "सार्, ती शपथ इथल्या नाचाबद्दल होती. हा तिकडून आलेला नाच आहे."

देवळाच्या पंचांकडे हत्ती मागितला. समुद्र ओलांडून आलेल्या बाईपुढे हत्ती चालणार नाही, असा निरोप आला. अध्यक्ष स्वतः विलायतेला जाऊन आले होते, मग त्यांनी प्रायश्चित्त घेतलं होतं आणि त्यांच्यापुढे तो हत्ती चालला होता. पण नर्तकीला प्रायश्चित्त कोणतं हे कुठल्याच पोथीत सापडेना. शेवटी हत्तीऐवजी नाचियार्कोविलच्या कासारांकडून पितळी समई घडवून आणायचं ठरलं. ती घडून आली ती छातीइतकी उंच. बाईंनी ती बोटीवर कशी न्यायची हा प्रश्न मी विचारला. तो कामकाजात नोंदवून घेण्यात आला.

मानपत्र लिहायचं तर तिचं गाणं ऐकायला हवं, म्हणून अध्यक्षांनी आपला ग्रामोफोन आणि तिची एकुलती एक तबकडी घोड्याच्या जटक्यातून माझ्या घरी पाठवली. सोबत तबकडी कशी धरावी याच्या लेखी सूचना होत्या. तबकडीच्या वेष्टनात एक छापील पान होतं. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला मोडकं इंग्रजी. कुणा विद्वानानं लिहिलं होतं की हे तंजावरच्या राजवाड्यातलं प्राचीन भक्तिगीत आहे, आणि त्याच्या तिसऱ्या कडव्यात जीव देवाच्या दाराशी येऊन उभा राहतो पण दार उघडत नाही. विद्वानाला मराठीचं अक्षरही कळत नसणार. बाईंच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघून त्यानं हे लिहिलं असावं.

माझी बायको तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, तिरुविसनल्लूरला गेली होती. घरात मी आणि आत्या. आत्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आल्या त्या तिथेच राहिल्या. सोवळं कडक, विठ्ठलाची पूजा दोन वेळा, आणि जिभेला धार. मी शिक्षक झाल्यापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडून दिलं होतं. मास्तर म्हणत. त्यात आदर नसे.

मी किल्ली दिली आणि सुई ठेवली. खरखरीतून एक बाई गाऊ लागली. आवाज जाडसर, खालून वर सावकाश चढणारा. शब्द ऐकले आणि मी खुर्चीत सरळ बसलो. मराठी होतं, आमच्या घरातल्यासारखं, पुण्याकडची माणसं ऐकून हसतात तसलं जुनं मराठी.

उंबऱ्यावरी उभी मी, दिवा हातीं
किती वाट पाहूं, सरली रातीं

ज्याच्यासाठी गुंफिली जाईची माळ
तो दूरदेशीं, सुकली सकाळ

हे पद मी लहानपणी ऐकलं होतं. आत्या ताक करताना पुटपुटत असत. मग तिसरं कडवं सुरू झालं. बाईंनी आवाज खाली आणला, एकेका अक्षरावर थांबत, जणू डोळ्यांतलं पाणी आवरत त्या गाऊ लागल्या:

आज ताक नाही, उद्या ये पोरी
तिथेच उभी राहा, पुढे येऊ नको

मी हसलो. कुणीही हसलं असतं. युरोपातले राजे आणि सरदार हे ऐकून डोळे पुसत होते. मला मानपत्रातलं पहिलं प्रामाणिक वाक्य सुचायला लागलं होतं, तेवढ्यात माजघराच्या दारात आत्या येऊन उभ्या राहिल्या. हातात रवीची दोरी तशीच होती.

"कोण रे ही?"

"तीच, मानपत्रवाली."

"काय गाते आहे?"

"देवाची प्रार्थना, म्हणे."

"कुण्या देवाची? ताक मागायास येतो त्या?" आत्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. 'पुढे येऊ नको' ही ओळ बाईंनी तीन वेळा आळवली होती, दर वेळी निराळ्या वळणानं. आत्या शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. मग रवीची दोरी आपल्या मनगटाला गुंडाळत म्हणाल्या, "हे माझे बोल आहेत, मास्तर."

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, आपण होऊन बोलल्या. आमच्या घरी दोन गाई होत्या. सकाळी परसदारी ज्याला त्याला ताक मिळे. नाचणाऱ्यांच्या गल्लीतून आठ-नऊ वर्षांची एक पोर पितळेचं भांडं घेऊन येई. इतर पोरं भांडं भरलं की पळत. ही भरल्यावरही पेरूच्या झाडाशी उभी राही. आत्यांच्या लक्षात आलं की ती ताकासाठी येतच नाही, गाणं ऐकायला येते. तेव्हापासून तिची सावली पायरीवर पडली की आत्या गाणं तोडत.

"आणि ताक?"

"असायचं ताक." आत्या वातीकडे बघत होत्या. "पद आमच्या घरचं. माझ्या आईनं राजवाड्यातनं आणलेलं. नाचणाऱ्यांच्या पोरीनं ते परसात उभं राहून उचलून न्यावं, हे मज रुचेना. तीन वर्षं हाकलत होते. हट्टी होती मेली."

चार दिवसांनी नर्तकी गावात आली. समारंभाला अजून आठवडा होता. अध्यक्षांनी तिच्यासाठी आपला बागेतला बंगला रंगवून ठेवला होता, पण ती सरळ आपल्या गल्लीत, कुणा मावसबहिणीकडे उतरली. त्यामुळे समितीचा पहिला ठराव तिथेच वाया गेला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

मी फोटोंतल्या मोरपिसांच्या राणीची कल्पना करून बसलो होतो. ओट्यासमोर उभी होती ती चाळिशीची, जरा स्थूल, सुती साडी नेसलेली बाई. एका गुडघ्याला दुखापत झाली असावी, कारण ती एका पायावर भार देऊन उभी होती. मी बसायला सांगितलं. ती ओट्याच्या कडेला बसली. बोलणं तमिळमधून झालं.

"सार्, कार्यक्रमपत्रिका पाहिली. त्यात ते मराठी पद आहे. ते काढता येईल का?"

"छापून झालंय. शिवाय अध्यक्षांचा सगळा भर त्याच्यावरच आहे. सगळ्यांना तेच ऐकायचं आहे."

"सगळ्यांना म्हणजे मराठी लोकांनाही?"

"त्यांना आधी."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही तबकडी ऐकलीत?"

"ऐकली."

"मग तुम्हाला कळलंच असेल."

मी कळल्याचं सांगितलं. ती एकदा माझ्याकडे बघून हसली, मग तिनं सगळं सांगितलं. तिची आजी राजवाड्यात राण्यांपुढे नाचायची. राज्य गेलं तरी विधवा राण्या तिथेच राहात होत्या आणि त्यांना नाच लागत असे. आजीनं हिला पदाची दोन कडवी शिकवली. त्या घरची रीतच अशी की आधीच्या कडव्याचा अभिनय नीट बसल्याशिवाय पुढचं कडवं सांगायचं नाही. दुसरं बसत आलं होतं आणि आजी तापानं गेली. घरात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.

"मग एकदा तुमच्या परसातून तेच ऐकू आलं. त्या दिवसापासून ताक आणायचं काम मी मागून घेतलं. पण अम्मा दुसरं कडवं संपलं की थांबायच्या. दर वेळी. दुसऱ्या कडव्यानंतर मी आयुष्यात जे ऐकलं ते एवढंच, सार्. आज ताक नाही, उद्या ये."

"आणि तेच तुम्ही..."

"पहिल्याच रात्री तिकडच्या नाटकगृहात दोन कडव्यांत नाच संपला. पडदा पाडणारा माणूस जागेवर नव्हता. वाजवणारे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं." तिनं दुखरा गुडघा सरळ केला. "अर्थ मला माहीत होता. एवढं मराठी कुंभकोणमात कुणालाही कळतं. पण लोक रडायला लागले. मग ते बदलता येईना. माझ्याकडे आजीचं एवढं एकच पद आहे. ते पुरं नसताना इथे गाणार नाही. तिकडे चाललं, इथे नाही. अम्मा आहेत ना अजून?"

अम्मा माजघराच्या दाराआड उभ्या होत्या, हे मला बांगड्या नसलेल्या माणसाच्या शांततेवरून कळत होतं.

ती गेल्यावर मी आत्यांपाशी विषय काढला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मुद्देसूद बोललो. जुनं पद आहे, जपलं गेलं पाहिजे, तुमच्यानंतर कुणाला येणार, वगैरे. आत्या पळीनं तूप गाळत होत्या.

"झालं मानपत्र वाचून?"

"आत्या, एक कडवं सांगायला काय जातं?"

"मी काय तिची शिक्षिका? पाट मांडून, तिला समोर बसवून शिकवूं? सोवळ्यात?" मग पळी आपटून, "अर्धं घेऊन दुनिया फिरली ना? अर्धंच गा म्हणावं. माझे बोल घालून लोकांस रडवते. हाकललं ते सांगत फिरते गावोगाव."

"तिकडे कुणाला कळतंय?"

"मज कळलं ना."

दोन दिवस असेच गेले. अध्यक्षांनी मंडपाच्या रंगाबद्दल तीन चिठ्ठ्या पाठवल्या. मी तिन्हींना उत्तरं दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर अंघोळ करून परसात धोतर वाळत घालत होतो. आत्या मागच्या दाराच्या आत, डेऱ्यापाशी बसून ताक घुसळत होत्या. तबकडी ऐकल्यापासून त्यांनी गाणं बंद केलं होतं, नुसती रवी फिरत होती. एकाएकी रवी थांबली म्हणून मी वळून पाहिलं. पेरूचं झाड कधीच पडलं होतं. ते जिथे होतं तिथे ती उभी होती, हातात पितळेचं भांडं घेऊन.

आत्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "जाड झालीस गे."

"हो अम्मा."

"तिकडे काय खात होतीस?"

"मिळेल ते."

"म्हणजे सगळं."

"सगळं नाही. पण पुष्कळ."

"लग्न केलंस?"

"एकदा. टिकलं नाही."

"मूलबाळ?"

"नाही."

"थंडी फार म्हणे तिकडे."

"पायाची बोटं कळेनाशी होतात. नाचताना त्रास होतो."

आत्यांच्या प्रश्नांपुढे मुरलेला वकीलही लाजला असता. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, जागेवरून न हलता. मग प्रश्न संपले. मी धोतराचा एकच काठ पुन्हा पुन्हा सारखा करत राहिलो.

"अम्मा, एक सांगू?" ती म्हणाली. "आजी सांगायची, राजवाड्यात राण्यांच्या मागे एक चिकाचा पडदा असायचा. त्याच्या आड पुराण सांगणाऱ्याची बायको येऊन बसायची. मराठी बाई. पदं ऐकायला. आजीला चिकातून तिच्या पायांची जोडवी दिसायची. ती दिसली की आजी कडवं दोनदा म्हणायची. राण्या विचारायच्या, दोनदा का? आजी म्हणायची, राग तसा आहे."

पुराण सांगणारे म्हणजे आत्यांचे वडील, माझे आजोबा. जोडवी आत्यांच्या आईची. राजवाड्यातनं आणलेलं पद कसं आणलं होतं ते आत्यांनाही ठाऊक असणारच. ते आईसाठी मुद्दाम दोनदा म्हटलं जाई, हे ठाऊक नसावं.

आत्यांनी बराच वेळ डेऱ्यात पाहिलं. मग माझ्याकडे वळून, मराठीत, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मी कुणास शिकवत नाही. पण ताक तर करायलाच हवं ना?"

आणि रवीची दोरी ओढली. रवी फिरायला लागली, तिच्या ठेक्यावर आत्या गाऊ लागल्या. आवाज म्हातारा, थोडा फाटलेला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सावली पायरीवर पडलेली होती. आत्यांनी मान वर केली नाही.

आला तरी नको पुसूं कुठे होता
पाय धुवाया पाणी दे आता

दोन ओळी. एवढ्यासाठी तीस वर्षं, असं माझ्या मनात आलं, आणि लगेच वाटलं की हे तिथे उभ्या असलेल्या बाईला विचारण्यासारखं नाही. तिचे ओठ हलत होते, हात मात्र भांड्याला घट्ट धरून होते. आत्यांनी ते कडवं तीन वेळा म्हटलं. लोणी केव्हाच वर आलं होतं. मग त्या उठल्या, तिचं भांडं पायरीवर ठेवायला सांगितलं, आणि वरून, शिवाशीव न होता, काठोकाठ ताक ओतलं.

"नासायच्या आत पी," म्हणाल्या आणि आत गेल्या.

समारंभ ठरल्याप्रमाणे, म्हणजे ठरल्या वेळेनंतर दीड तासानं सुरू झाला. अध्यक्ष इंग्रजीत बोलले. त्यांच्यानंतर बोलणाऱ्यानं अध्यक्षांच्या भाषणाची स्तुती केली. तिसऱ्यानं दुसऱ्याची. माझं मानपत्र मी वाचलं. ते बाईंबद्दल आहे हे पाहून काही लोकांना आश्चर्य वाटलं असावं. समई चौघांनी मिळून व्यासपीठावर आणली. ती ठेवताना फळी वाकली, म्हणून ती पुन्हा खाली नेण्यात आली. एका बाजूला बायकांसाठी चीक लावला होता. त्यामागे आमच्या मराठी घरांतल्या बायका बसल्या होत्या. आत्या आल्या नव्हत्या. त्या तीस वर्षांत कुठल्याच सभेला गेल्या नव्हत्या.

पद शेवटी होतं. गुडघ्यामुळे ती नाचली थोडंच, बसून अभिनय केला. दोन कडवी झाली. तिसरं म्हणायच्या आधी तिनं क्षणभर समोर रिकाम्या जागेकडे पाहिलं, जणू कुणी थांबायला सांगेल याची वाट बघत असावी. मग म्हटलं. पाण्याचं भांडं हातात घेतल्यासारखा हात केला, खाली वाकली, कुणाच्या तरी पायांवर पाणी घातलं. नंतर ती चिकाकडे वळली आणि ते कडवं पुन्हा एकदा, पहिल्यापासून, म्हणाली. चिकामागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

टाळ्या भरपूर झाल्या. अध्यक्ष मात्र नाराज होते. मंडपाबाहेर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सार्, तिसरं कडवं बदललं तिनं. तबकडीवरचं फार गहन होतं. हे अगदी साधं वाटलं. घरगुती."

मी म्हणालो, मलाही तसंच वाटलं. चिटणीसपद मला अजून वर्षभर ठेवायचं होतं.

घरी आलो तेव्हा आत्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"किती वेळा म्हणाली?"

"शेवटचं कडवं ना? दोनदा. चिकाकडे तोंड करून."

"हं." मणी पुढे सरकला.

तिची मद्रासची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. दुपारी जेवण आटपून मी ओट्यावर पान लावत बसलो होतो. आमच्या घरची एक रीत इथे सांगायला हवी. समोरच्या पायरीवर, डाव्या हाताला, पाहुणा यायचा असेल तेव्हा पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ आणि त्यात लोटी ठेवत. जो घरात येणार त्यानं पाय धुवून यायचं. परसदारी येणाऱ्यांसाठी असं पाणी कधी नसे. ज्यांना आत यायचंच नाही त्यांनी पाय धुवून काय करायचं? त्या दुपारी घंगाळ भरून ठेवलेलं होतं. कोण येणार आहे, असं मी आत ओरडून विचारलं. आतून पेला विसळल्याचा आवाज आला.

ती आधी मागच्या बाजूला गेली असावी, कारण गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून येताना मला दिसली. मागचं दार लावलेलं होतं. आत्यांनी ते भर दुपारी कधी लावलेलं मला आठवत नाही.

"अम्मा झोपल्या का, सार्? निरोप घ्यायला आले होते. मागचं दार बंद आहे." बोलता बोलता तिला घंगाळ दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पानाच्या शिरा काढण्यात गुंतलो होतो. दुसरं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

ती पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मग वाकली. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं लोटी भरून घेतली आणि पाय धुतले, आधी उजवा, मग डावा. टाचा, बोटं, सगळं सावकाश. पायरीवरून पाणी रस्त्यावर ओघळलं. समोरच्या घरातली मंडळी दारात येऊन बघत होती. ती उंबरा ओलांडून आत आली.

माजघरात सतरंजी घातलेली होती. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी, चार हात लांब, बसल्या होत्या. मधे पेल्यात ताक, मीठ आणि कढीपत्ता घातलेलं. तिनं ते प्यायलं. आत्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परसात तर किती विचारले होते. बोट कधीची, परत कधी येणार, काहीच नाही. थोड्या वेळानं तिनं जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला आणि ती उठली.

दाराशी ती मला म्हणाली, "समई मावसबहिणीकडे ठेवली आहे, सार्. समितीला कळवू नका."

ती गेल्यावर आत्यांनी सतरंजी धुवायला टाकली, पेला अंगणात ठेवला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. ओल्या लुगड्यानं आत येताना माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा म्हणाल्या, "उकडतं फार." मार्गशीर्ष होता.

घंगाळ मात्र त्यांनी उचललं नाही. ते संध्याकाळपर्यंत पायरीवर तसंच होतं.